चंदीगडचा बिनपदवीचा वास्तुविशारद

धुळ्याला आमच्या वस्तीत एक गवंडी होते. सगळे त्यांना नाना म्हणत. शाळा चौथीतच सुटलेली. पण भिंतीसमोर उभे राहून नुसत्या नजरेने ते सांगत, भिंत दोन सूत बाहेर गेली आहे. मग ओळंबा सोडला की नानांचेच बरोबर निघायचे. साइटवरचे इंजिनिअरही त्यांना बाजूला घेऊन विचारायचे. तरीही नाना आयुष्यभर रोजंदारीवरच राहिले. शिकलेल्याने नकाशा काढायचा आणि न शिकलेल्याने त्याप्रमाणे थापी चालवायची, ही वाटणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यात काही चुकते आहे असे कोणाला वाटतही नाही.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त चंदीगडला जाणे झाले. वकिलाचे पाय दुसरीकडे कोठे वळणार? हायकोर्ट पाहायला गेलो. समोर तीन प्रचंड खांब, एक हिरवा, एक पिवळा, एक लाल. वर उघडलेल्या छत्रीसारखे दुहेरी छप्पर. भिंतींना प्लास्टर नाही. सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे काँक्रीटवर जसेच्या तसे. ही इमारत ज्याने रचली त्याच्याजवळ वास्तुकलेची पदवी नव्हती, घड्याळाच्या झाकणावर नक्षी कोरणारा कारागीर म्हणून त्याची सुरुवात झाली होती, असे तिथल्या एका वकीलमित्राने सांगितले आणि मला एकदम नाना आठवले. त्या माणसाचे नाव ल कॉर्बुझिए. विसाव्या शतकातल्या आधुनिक वास्तुकलेचा इतिहास या नावाशिवाय लिहिता येत नाही. त्याच्या आयुष्यातून आपण काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे चळवळीच्या वाचकांनी समजून घेणे आवश्यक आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ल कॉर्बुझिएचे मूळ नाव शार्ल एदुआर जानरे. जन्म ६ ऑक्टोबर १८८७, स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फों या गावी. हे गाव घड्याळाच्या धंद्यावर जगणारे. वडील घड्याळाच्या तबकड्यांवर मुलामा चढवण्याचे काम करीत, आई पियानो शिकवीत असे. म्हणजे घर कारागिराचे, पण उपाशी नव्हते. तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सोडून तो गावातल्या कलाशाळेत नक्षीकाम शिकायला गेला. नजर अधू, आणि हे काम तर डोळ्यांचेच. त्याचा हा धंदा फार काळ चालणार नाही हे त्याच्या शिक्षकाने ओळखले. या शिक्षकाचे नाव शार्ल लेप्लातनिए. त्याने मुलाला वास्तुकलेकडे वळवले आणि नुसता उपदेश करून तो थांबला नाही. एका घराचे काम त्याने आपल्या विद्यार्थ्यांना मिळवून दिले. एका जाणत्या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली हे घर उभे राहिले तेव्हा मुलगा विशीतही पोहोचला नव्हता.

त्याच कामाच्या पैशातून १९०७ मध्ये तो इटलीला गेला. फ्लॉरेन्सजवळच्या एका मठात भिक्षूंच्या खोल्या त्याने पाहिल्या. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, छोटी बाग, आणि सगळ्यांना मिळून प्रार्थना व भोजनाची जागा. एकांत आणि समूह यांची ही सांगड त्याच्या मनात कायमची बसली. पुढे पॅरिसला ओग्यूस्त पेरे या वास्तुविशारदाकडे त्याने नोकरी धरली. पेरे हा सळईच्या काँक्रीटचा जाणकार. ही नोकरी अर्ध्या दिवसाची होती. उरलेला अर्धा दिवस हा तरुण ग्रंथालयांत आणि संग्रहालयांत घालवी. त्यानंतर बर्लिनला पेटर बेहरेन्सच्या कार्यालयात काही महिने. १९११ मध्ये पाठीवर पिशवी टाकून बाल्कन देश, इस्तंबूल आणि अथेन्सचा प्रवास. वाटेत दिसेल ते घर, मशीद, देऊळ, मडके वहीत रेखाटायचे आणि त्याचे माप घ्यायचे. हेच त्याचे विद्यापीठ होते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. स्वयंशिक्षित माणूस म्हटले की आपण म्हणतो, बघा, जिद्द असली की पदवी लागत नाही. हे अर्धेच खरे आहे. कॉर्बुझिए जिद्दीचा होताच. पण त्याला ओळखणारा शिक्षक मिळाला. अर्ध्या दिवसाची नोकरी मिळाली. ग्रंथालयाच्या दारात त्याला कोणी जात विचारली नाही. आमच्या नानांना यातले काय मिळाले? जिद्द त्यांच्याकडेही होती. दिवस मात्र अर्धा मिळाला नाही, पूर्ण दिवस घमेल्यात गेला. आपल्याकडे बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले तेव्हा आपल्या हजारो ग्रंथांना जागा हवी म्हणून घराच्या रचनेत त्यांनी स्वतः लक्ष घातले होते. पदव्यांचा डोंगर असलेल्या त्या महामानवालाही ग्रंथालयाची किंमत ठाऊक होती, कारण दार बंद असणे म्हणजे काय हे त्यांनी भोगले होते. स्वयंशिक्षण हा उघड्या दारांचा परिणाम असतो. दारे बंद ठेवून जिद्दीचे कौतुक करणे ही शुद्ध फसवणूक आहे.

पुन्हा कॉर्बुझिएकडे वळू. १९१४ मध्ये युरोपात महायुद्ध पेटले. युद्धाने पडलेली घरे झटपट कशी उभारता येतील या विचारातून त्याने एक साधी रचना मांडली. चार-सहा कॉलम, त्यावर स्लॅब, एक जिना. भिंतींवर भार नाही, म्हणून भिंत हवी तिथे घाला, हवी तिथे काढा. आज जळगावच्या कोणत्याही नव्या कॉलनीत जा. आधी कॉलम, मग स्लॅब, मग मधे विटांच्या भिंती, असेच घर उभे राहताना दिसेल. आपण ज्या घरात राहतो त्याची विचारसरणी अशी शंभर वर्षांपूर्वी मांडली गेली.

१९१७ मध्ये तो कायमचा पॅरिसला आला. सुरुवात खडतर. बांधकामाचे ठोकळे तयार करण्याचा कारखाना काढला, तो बुडाला. एका डोळ्याची दृष्टी गेली. तरी त्याने हार मानली नाही. १९२० मध्ये मित्रांबरोबर नियतकालिक काढले आणि त्यात लिहिताना ल कॉर्बुझिए हे नाव घेतले. १९२३ मध्ये त्याचे वास्तुकलेवरचे पुस्तक निघाले आणि युरोपभर खळबळ उडाली. मोटार, विमान, जहाज जसे कामाला नेमके असते तसे घरही असावे, नक्षी आणि बडेजाव यांचा काळ संपला, असा त्याचा एकंदर रोख होता. चुलतभाऊ पिएर जानरे याला सोबत घेऊन त्याने कार्यालय थाटले. घर खांबांवर उचलावे, आतली मांडणी मोकळी असावी, दर्शनी भिंत भारमुक्त असावी, खिडक्या आडव्या लांबलचक असाव्यात आणि छपरावर बाग असावी, ही त्याची पाच सूत्रे प्रसिद्ध आहेत. पॅरिसजवळचे व्हिला साव्हॉय हे घर या पाचही सूत्रांचा नमुना मानले जाते. ते १९३१ मध्ये पूर्ण झाले.

सपाट छपराचे युरोपला मोठे नवल वाटले. आम्हा खानदेशकरांना त्यात नवल ते काय? आपली धाब्याची घरे पिढ्यान् पिढ्या सपाटच. उन्हाळ्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की सगळे घर रात्री धाब्यावर झोपायला जाते. पापड, कुरडया तिथेच वाळतात. पावसाळ्याआधी धाब्यावर पांढरी माती टाकून ते दाबून घ्यायचे, हे ज्ञान कोणत्या कॉलेजात शिकवले जात होते? गंमत अशी की, त्या नावाजलेल्या व्हिला साव्हॉयचे छप्पर गळू लागले आणि मालकीणबाई तक्रारी करून थकल्या. आमच्या नानांना विचारले असते तर त्यांनी उतार कोठे चुकला ते दाखवून दिले असते! सांगायचा मुद्दा हा की, ज्ञान फक्त पॅरिसमध्ये जन्मत नाही. ते लिहून, छापून, त्यावर नाव घालण्याची सोय मात्र ठरावीक ठिकाणीच असते.

कॉर्बुझिएच्या चुकाही छोट्या नाहीत, आणि त्या झाकून ठेवणे आपल्या परंपरेत बसत नाही. १९२५ मध्ये त्याने पॅरिसच्या मध्यभागातली जुनी वस्ती पाडून तिथे उंच मनोरे उभारण्याची योजना मांडली. तिथे राहणाऱ्या माणसांना विचारण्याची गरज त्याला वाटली नाही. बोर्दोजवळ पेसाक येथे त्याने कामगारांसाठी सुमारे पन्नास घरे बांधली. लोकांनी पुढे त्यांच्या खिडक्या लहान केल्या, काहींनी वर उतरते छप्पर चढवले, म्हणजे आपल्याला काय हवे ते स्वतःच करून घेतले. १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे पडला तेव्हा हिटलरशी जुळवून घेणारे सरकार व्हिशी येथे बसले. काम मिळावे म्हणून हा माणूस दीड वर्ष त्या सरकारच्या दारात घुटमळत राहिला. हाती काहीच लागले नाही. त्याच काळात चुलतभाऊ पिएर मात्र नाझीविरोधी प्रतिकारात सामील झाला. सत्तेचा रंग कोणताही असो, आपल्याला कागदावरचे शहर जमिनीवर उतरवायला मिळाले म्हणजे झाले, ही वृत्ती किती घातक असते याचे हे उदाहरण आहे.

युद्धानंतर मार्सेय येथे त्याने ३३७ घरांची एक भलीमोठी इमारत बांधली. ती १९५२ मध्ये पूर्ण झाली. आतच दुकाने, गच्चीवर बालवाडी आणि खेळायला जागा. तरुणपणी मठात पाहिलेली एकांत आणि समूहाची सांगड इथे काँक्रीटमध्ये उतरली. या काळात त्याने मापांची एक पद्धतही तयार केली. हात वर करून उभा असलेला सहा फुटी पुरुष तिच्या केंद्रस्थानी होता. दार केवढे, ओटा केवढा, छत किती उंच, हे त्या पुरुषावरून ठरवायचे. डोक्यावर घमेले घेऊन परांचीवर चढणारी पाच फुटांची बाई त्या मापात कोठे बसते, हा प्रश्न आपण विचारायचा आहे.

आता भारताकडे येऊ. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. नव्या शहराचे काम आधी अल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांच्याकडे होते. ऑगस्ट १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात मरण पावला. मग पी. एन. थापर आणि पी. एल. वर्मा हे दोन अधिकारी माणसाच्या शोधात युरोपला गेले. कॉर्बुझिए तयार झाला आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये भारतात आला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला बसत होती. नवा देश नव्या भिंती उभारत होता.

बाबासाहेबांनी आपल्या समाजाला गाव सोडून शहराकडे जायला सांगितले होते. कारण गावात गावकूस असते आणि आपण कुसाबाहेर असतो. म्हणून नवे शहर हा आपल्या दृष्टीने केवळ वास्तुकलेचा विषय राहत नाही. चंदीगडला जुनी गल्ली नाही, आळी नाही, वाडा नाही. सुमारे ८०० बाय १२०० मीटरचे सेक्टर, प्रत्येकात शाळा, दुकाने, हिरवळ, आणि रस्त्यांची सात प्रतींत विभागणी. कोणत्या जातीने कोठे राहायचे हे या नकाशात लिहिलेले नाही. ही मोठीच गोष्ट आहे आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे.

पण दुसरी एक उतरंड नकाशात आली. सरकारी घरांचे तेरा वर्ग पाडले गेले. वरच्या टोकाला मंत्री आणि बडे अधिकारी, तळाला शिपाई. साहेबांची वस्ती राजधानीच्या इमारतींजवळ आणि ऐसपैस, जसजसे दक्षिणेला जावे तसतशी दाटी वाढत गेलेली. ही वर्गवारी सरकारने ठरवली होती, एकट्या कॉर्बुझिएने नव्हे. घरांचे कामही त्याच्याकडे नव्हते. ते पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांनी भारतीय वास्तुविशारदांच्या सोबतीने केले. शिपायाच्या घरालाही दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास, न्हाणी आणि अंगण मिळाले, हेही मान्य करू. तरी प्रश्न उरतोच. जातीचा गावकूस पाडून तिथे वेतनश्रेणीचा कूस घातला, तर शेवटच्या सेक्टरात कोण राहायला जाणार हे काय सांगायला हवे?

आणि त्या शेवटच्या सेक्टरातही ज्यांना जागा नव्हती ते कोण? ज्यांनी शहर बांधले ते. त्या काळचे फोटो पाहा. काँक्रीटची घमेली डोक्यावर घेऊन बायकांची रांग लाकडी परांचीवर चढते आहे. हायकोर्ट १९५५ मध्ये, सचिवालय १९५८ मध्ये तयार झाले, विधानभवन त्यानंतर. फळ्यांचे ठसे भिंतीवर राहिले, ते ठसे उमटवणाऱ्यांची नावे कोठेच राहिली नाहीत. १९५२ मध्ये शहराभोवतीच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध घालणारा कायदा आला. शहर सुबक राहावे हा हेतू. पण मजुरांच्या झोपड्यांना नकाशात जागा नसल्यामुळे त्या पहिल्या दिवसापासून बेकायदा ठरल्या. वस्ती वसायची, उठवायची, पुन्हा कडेला वसायची. कॉलनी नंबर ४ ही अशीच जुनी मजूरवस्ती. ती प्रशासनाने जमीनदोस्त केली तो दिवस होता १ मे २०२२, कामगार दिन! दीड लाखापासून सुरुवात करून पाच लाखांपर्यंत माणसे सामावतील असे धरून रचलेल्या या शहराची वस्ती २०११ च्या जनगणनेत दहा लाखांवर गेली होती. त्यात मजूर मोजले गेले, पण नकाशा काढताना मोजले गेले नव्हते.

कॉर्बुझिए वर्षातून दोनदा येई आणि परत जाई. पिएर जानरे मात्र १९६५ पर्यंत चंदीगडलाच राहिला. त्याने छोटी घरे, शाळा आणि साधे लाकडी फर्निचर घडवले. १९६७ मध्ये तो वारला आणि पुढे त्याच्या अस्थी तिथल्याच सुखना तलावात विसर्जित झाल्या. नाव मोठ्या भावाचे झाले, घाम धाकट्याचा आणि मजुरांचा होता.

२७ ऑगस्ट १९६५ रोजी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्रात पोहताना कॉर्बुझिएचा अंत झाला. जगाला मनोरे शिकवणारा हा माणूस शेवटची कित्येक वर्षे सुट्टीत तिथे एका खोलीच्या लाकडी खोपटात राहत असे. जेमतेम बारा फूट लांब, बारा फूट रुंद. त्याने चंदीगडसाठी कल्पिलेला उघडा हात १९८५ मध्ये उभा राहिला. २०१६ मध्ये सात देशांतल्या त्याच्या सतरा कामांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात चंदीगडचा राजधानी परिसर आहे.

या गोष्टीचा पुढचा धागा आपल्या दारावरून जातो. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी मुंबईच्या जे. जे. मधले शिक्षण अर्धवट सोडून परदेशी गेले आणि १९५१ मध्ये पॅरिसला कॉर्बुझिएच्या कार्यालयात रुजू झाले. सुरुवातीचे काही महिने तर बिनपगारी. पुढे अहमदाबादच्या इमारतींवर त्यांनी गुरूच्या वतीने देखरेख केली. पण गुरूचे सगळेच त्यांनी उचलले नाही. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने सेंधवा ओलांडून गेले की इंदूर येते. तिथे १९८० च्या दशकात दोशींनी अरण्य ही वसाहत रचली. गरिबाला जोते, पाण्याचा नळ, संडास आणि फार तर एक खोली द्यायची. पुढचे घर त्याने ऐपतीप्रमाणे, आपल्या अकलेप्रमाणे वाढवत न्यायचे. म्हणजे जे पेसाकच्या कामगारांनी घरे बांधून झाल्यावर केले, ते दोशींनी नकाशातच लिहून ठेवले. २०१८ मध्ये त्यांना वास्तुकलेचा सर्वोच्च समजला जाणारा प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये ते गेले. शिष्य गुरूपुढे एक पाऊल गेला ते इथे. त्याने गवंड्याच्या अकलेवर विश्वास ठेवला.

कायद्याचा विद्यार्थी म्हणून शेवटी दोन गोष्टी सांगतो. आपल्याकडे १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार नोंदणी असल्याशिवाय कोणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही. हा कायदा नावाचे संरक्षण करतो, कामावर बंदी घालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. पण नावाशिवाय मोठे काम कोण देतो? म्हणून आपल्या मुलांनी कॉर्बुझिएचे उदाहरण देऊन पदवी टाळू नये. पदवी घ्यावीच. वडार, बेलदार, बौद्ध, भिल्ल अशा बांधकामावर राबणाऱ्या घरांतली मुले वास्तुकलेच्या कॉलेजात किती दिसतात, हे आपणच आपल्या शहरात मोजून पाहावे.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. अठरा ते साठ वयाच्या आणि मागच्या वर्षात नव्वद दिवस काम केलेल्या मजुराला कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. मालकाकडून वसूल होणाऱ्या उपकराचा पैसा त्याच्यासाठीच आहे आणि मुलांच्या शिक्षणाला मदत हा त्याच्या हक्काचा भाग आहे. प्रत्येक वस्तीत कार्यकर्त्यांनी एक रविवार बसून हे अर्ज भरून दिले, तर कोणा गवंड्याच्या पोराला, पोरीला तो अर्धा दिवस मिळेल, जो कॉर्बुझिएला पॅरिसमध्ये मिळाला होता आणि आमच्या नानांना धुळ्यात कधीच मिळाला नाही.